कोर्स मोफत, पण तिथे पोचायचं कसं? कोकणातल्या दिव्यांग तरुणांच्या प्रवासाचा हिशोब

जाहिरातीत 'प्रशिक्षण मोफत' हे शब्द ठळक छापलेले असतात. शिवणकाम, संगणक, मोबाइल दुरुस्ती, काजूप्रक्रिया, हॉटेलातलं काम असे कोर्स कोकणात तालुक्याच्या गावी होतात आणि दिव्यांग मुलामुलींनाही त्यात प्रवेश मिळतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यातली काही मुलं यायची थांबतात. केंद्रावर विचारलं तर 'आवड नव्हती' असं ऐकायला मिळतं. घरी विचारलं की खरं कारण कळतं. नेणार कोण, आणणार कोण, आणि रिक्षाला रोज पैसे आणायचे कुठून?

शासनाकडून प्रवासासाठी काहीच मदत नाही, असं मात्र नाही. एसटीत सवलत आहे, रेल्वेत आहे, काही योजनांत प्रवासभत्ता आहे, कायद्यात तरतुदी आहेत. पण हे सगळं वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेलं आहे आणि प्रत्येक ठिकाणची अट निराळी. पालकांना, शिक्षकांना आणि गावातल्या कार्यकर्त्यांना ते एकत्र कळावं म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं की आपल्याकडची बहुतेक मदत तिकिटावर आहे. घराच्या पायरीपासून वर्गाच्या बाकापर्यंतचा जो अख्खा प्रवास असतो, त्याची जबाबदारी कोणीच घेतलेली नाही.

एका दिवसाला किती लागतात?

आकडे मांडल्याशिवाय हे पटत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहणारी एकोणीस वर्षांची मुलगी आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे ती कुबड्या घेऊन चालते आणि तिचं दिव्यांगत्व ७० टक्के आहे. चिपळूणला तीन महिन्यांचा संगणकाचा कोर्स तिला मिळाला आहे. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरायची. तिथून तिठ्यापर्यंत रिक्षा. तिठ्यावर एसटी. चिपळूणला स्टँडवर उतरलं की केंद्रापर्यंत पुन्हा रिक्षा. एसटीचं पूर्ण तिकीट ८० रुपये धरू, गावाकडची रिक्षा एका खेपेला ६० आणि चिपळूणची ४०. खरे दर तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, पण हिशोबाची रीत हीच राहील.

तिला एसटीत ७५ टक्के सवलत आहे, म्हणजे एका वेळेला २० रुपये, जाऊन-येऊन ४०. सोबत आई आहे. तिला अर्धं तिकीट, म्हणून जाऊन-येऊन ८०. गावाकडच्या रिक्षाचे १२०, चिपळूणच्या रिक्षाचे ८०. दिवसाला झाले ३२० रुपये. महिन्याला २४ दिवस वर्ग धरला तर ७,६८०. तीन महिन्यांत २३,०४०. शिवाय आई दिवसभर केंद्राच्या व्हरांड्यात बसून राहणार, म्हणजे काजूच्या कारखान्यातला किंवा बागेतला तिचा रोज बुडाला. तो या आकड्यात धरलेलाच नाही.

या ३२० रुपयांत मुलीच्या एसटी तिकिटाचे फक्त ४० आहेत, म्हणजे आठवा हिस्सा. सवलतीला मी कमी लेखत नाही. ती नसती तर तेच तिकीट १६० झालं असतं आणि महिन्याला आणखी २,८८० रुपये गेले असते. पण सवलत देऊनही जे उरतं ते बहुतेक रिक्षाचं आणि सोबत करणाऱ्या माणसाचं आहे. शासकीय मदतीचा हात तिथपर्यंत पोचत नाही.

आई तिथे थांबली नाही, सोडून परत आली आणि संध्याकाळी पुन्हा न्यायला गेली, तर तिच्या दिवसाला चार फेऱ्या होतात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून तिचे १६० होतील. पण न्यायला-आणायला वडील किंवा भाऊ असेल तर गणित बिघडतं. एसटीची साथीदाराची सवलत दिव्यांग व्यक्तीच्या बरोबर प्रवास करतानाच मिळते. मुलीला सोडून एकटा परतणारा बाप पूर्ण तिकीट काढतो, आणि संध्याकाळी न्यायला जातानाही पूर्णच. म्हणजे त्याच्या दोन फेऱ्या ४० रुपयांच्या आणि दोन ८० रुपयांच्या, एकूण २४०. शिवाय दोन्ही बाजूंच्या रिक्षाच्या खेपा वाढतात त्या वेगळ्याच. मुलीला सुरक्षित पोचवणं एवढ्यासाठीच तो चारही फेऱ्या करतो. त्यातल्या दोन 'दिव्यांग प्रवास' म्हणून धरल्या जातात आणि दोन धरल्या जात नाहीत. हा नियम बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं.

सवलती नेमक्या काय आहेत

सगळ्याची सुरुवात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रापासून आणि यूडीआयडी कार्डापासून, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रापासून होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, पण तपासणीला रुग्णालयात जावंच लागतं. मंडणगडच्या टोकावरच्या माणसाला रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय म्हणजे अख्खा दिवस मोडला, म्हणून उपजिल्हा रुग्णालयात किंवा तालुक्याच्या शिबिरात तपासणी होणार आहे का, हे आधी विचारून घ्यावं. प्रमाणपत्र कायमचं आहे की ठरावीक मुदतीचं, तेही बघा. कोर्सच्या मधेच मुदत संपली तर सवलत अडते.

एसटीच्या साध्या गाडीत ४० टक्के आणि त्यापुढच्या दिव्यांगत्वाला तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. ६५ टक्क्यांच्या पुढे असेल तर सोबतच्या एका माणसाला ५० टक्के. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाची योजना वेगळी आहे, तिच्यात ६६.६७ टक्के सवलत असते. दोन्ही एकाच प्रवासाला लावता येत नाहीत, त्यामुळे कोणती घ्यायची ते आगारात बसून मांडून घ्यावं.

रेल्वेचा नियम वेगळ्या पायावर उभा आहे. एसटी टक्केवारी बघते. रेल्वे बघते ती व्यक्ती साथीदाराशिवाय प्रवास करू शकते की नाही. ज्यांना साथीदाराशिवाय जमत नाही असे अस्थिदिव्यांग, बौद्धिक दिव्यांग आणि पूर्ण अंध प्रवासी यांना दुसऱ्या वर्गाच्या आणि शयनयान तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्या एकालाही तेवढीच. मासिक पासावर ती ५० टक्के होते. ज्यांना ऐकूही येत नाही आणि बोलताही येत नाही त्यांना ५० टक्के. यासाठी सरकारी डॉक्टरांचा रेल्वेच्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि त्यावरून रेल्वे स्वतःचं वेगळं ओळखपत्र देते.

कोकण रेल्वेचा उपयोग खेड-चिपळूण किंवा कुडाळ-सावंतवाडी अशा टप्प्यांना होऊ शकतो. पण स्थानकं गावाबाहेर आहेत. राजापूर रोड स्थानकावर उतरलेल्याला राजापूर शहर गाठायला पुन्हा गाडी शोधावी लागते. सकाळी वर्गाच्या वेळेला पोचवील आणि संध्याकाळी परत आणील अशी पॅसेंजर सगळ्या टप्प्यांवर नाही. बहुतेकांसाठी म्हणून एसटीच खरी.

भत्ता मिळतो, पण कधी?

केंद्राच्या कौशल्य प्रशिक्षण योजनांसाठी २०१५ साली 'कॉमन नॉर्म्स' म्हणून समान निकष ठरवले गेले. निवासी नसलेल्या कोर्सला येणाऱ्या महिलांना आणि दिव्यांग प्रशिक्षणार्थींना त्यात प्रवासखर्च धरला आहे. केंद्र स्वतःच्या जिल्ह्यात असेल तर महिन्याला १,००० रुपये, जिल्ह्याबाहेर असेल तर १,५००. राजापूर तालुक्याच्या दक्षिणेकडच्या मुलाला कणकवली जवळ पडते, तिथे जिल्हा बदलतो, म्हणून तो १,५०० मध्ये बसतो. तुमच्या कोर्सला आज कोणता दर लागू आहे ते प्रवेश घेतानाच केंद्राकडून लेखी घ्या.

वरच्या उदाहरणात महिन्याचा खर्च ७,६८० होता. १,००० त्यात कुठे पुरणार? त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. निकष सांगतात की हा खर्च कोर्स पुरा करून, परीक्षा देऊन, प्रमाणपत्र मिळाल्यानंतर परत द्यायचा. पैसे बँकेच्या खात्यात येतात, पण शेवटी येतात. रिक्षावाला रोज संध्याकाळी पैसे मागतो. तीन महिने पदरचे घालायची ऐपत असलेल्या घरालाच मग हा भत्ता मिळतो, आणि ज्याला पहिल्या महिन्यात परवडलं नाही म्हणून सोडावं लागलं त्याच्या हातात काहीच पडत नाही. मदत कुणासाठी ठेवली आणि पोचली कुणाला, याचा विचार निकष लिहिणाऱ्यांनी करायला हवा. पहिल्याच आठवड्यात अर्धी रक्कम आगाऊ दिली तरी किती मुलं टिकतील!

शाळेत असताना परिस्थिती थोडी बरी असते. समग्र शिक्षा अभियानात बारावीपर्यंतच्या विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्रवासभत्ता आणि मदतनीस भत्ता आहे. रक्कम तुटपुंजी, पण निदान 'मदतनीस' हा खर्च असतो हे शासनाने मान्य केलेलं आहे. बारावी झाली, मूल अठरा वर्षांचं झालं, की ही तरतूद संपते. कुबड्या त्याच, पाखाडी तीच, फक्त आता प्रशिक्षण केंद्र शाळेपेक्षा चौपट लांब. ज्या वयात स्वतःच्या पायावर उभं राहायची तयारी करायची त्याच वयात हा आधार जातो.

कायदा काय म्हणतो

२०१६ च्या अधिनियमाच्या कलम १६ मध्ये शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग बालकांना वाहतुकीची सोय द्यावी, आणि ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्या मदतनीसालाही द्यावी, असं स्पष्ट लिहिलं आहे. शब्द 'बालक' आहे. कलम १९ व्यावसायिक प्रशिक्षणाबद्दल आहे. सर्वसाधारण कौशल्य प्रशिक्षणाच्या सगळ्या योजनांत दिव्यांगांना सामावून घ्यायचं आणि त्यांना प्रशिक्षण घेता येईल एवढा पुरेसा आधार व सोयी द्यायच्या, असं ते सांगतं. इथे वाहतूक हा शब्द नाही. कलम ४१ मध्ये बसथांबे, स्थानकं आणि वाहनं सुगम करण्याबरोबरच दिव्यांगांना परवडणाऱ्या खर्चात ये-जा करता यावी म्हणून सवलती आणि मदतीच्या योजना आखायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ही तीन कलमं एकत्र वाचली तर प्रशिक्षणाला येण्या-जाण्याची सोय मागायला भक्कम आधार मिळतो. अर्जात तीनही कलमांचा उल्लेख करावा.

याच कायद्यात 'वाजवी सोय' म्हणून एक कल्पना आहे, आणि माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात जास्त उपयोगी तीच आहे. एखाद्या दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून संस्थेने आपल्या रीतीत केलेला, संस्थेला झेपेल असा बदल म्हणजे वाजवी सोय. ती नाकारणं हा कायद्याने भेदभाव ठरतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे मांडलं. कोणाला काय सोय लागते हे ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे बघायचं, हे त्या निकालाचं सार.

आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ काय? वर्ग साडेनऊला भरतो आणि गाडी स्टँडवर पावणेदहाला लागते. आधीची गाडी धरायची तर पहाटे वस्तीच्या गाडीने निघून दोन तास केंद्राबाहेर बसावं लागतं. तिला सव्वादहाची वेळ देणं, किंवा तेवढी उशिराची हजेरी मान्य करणं ही वाजवी सोय आहे. अशा सोयीला पैसा लागत नाही. बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र उशीर दाखवतं म्हणून केंद्रचालक कचरतात, पण वेळ लेखी ठरवून दिली आणि वरिष्ठ कार्यालयाला कळवली की तो प्रश्न सुटू शकतो. वर्ग तळमजल्यावर घेणं, पावसाच्या दिवसांत थिअरी घरून मोबाइलवर ऐकू देणं, संध्याकाळची शेवटची थेट गाडी चुकू नये म्हणून पंधरा मिनिटं आधी सोडणं, हेही याच सदरात येतं.

गाडीत चढायचं कसं

आपल्या साध्या एसटीचा दरवाजा उंच असतो. पायऱ्या तीन-चार, आणि पहिलीच गुडघ्याच्या वर. शहरातल्या लो-फ्लोअर बसची जमीन रस्त्यापासून ४०० मिलिमीटरवर असते, सेमी लो-फ्लोअरची ६५० वर. कोकणातल्या चढ-उताराच्या आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर एवढी खाली असलेली गाडी घासते, म्हणून शहरातला उपाय जसाच्या तसा इथे आणता येणार नाही. मोटार वाहन नियमांत केंद्राने केलेल्या बदलानुसार १ मार्च २०२० पासून नव्या बसमध्ये दिव्यांगांसाठी राखीव आसनं, त्यांची खूण, कुबड्या-काठ्या ठेवायची जागा, धरायला दांडे आणि व्हीलचेअर आत घ्यायची व बांधून ठेवायची सोय अपेक्षित आहे. सुगमतेचे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते सक्तीचे हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रातुरी निकालात सांगितलं आहे. नव्या गाड्या येतील तशा त्या कोकणातल्या आगारांनाही मिळाव्यात म्हणून आवाज उठवावा लागेल. तोपर्यंत वाहकाचा हात आणि चालकाचा दोन मिनिटांचा धीर याच आपल्या सोयी आहेत, आणि रोजच्या गाडीवर ते दोघं ओळखीचे झाले की फार मोठा फरक पडतो.

खाडीच्या पलीकडे जायचं असेल तर फेरीबोट विसरू नका. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेशवी-बागमांडला इथे वाहनं चढवणारी जंगलजेटी चालते. रिक्षा थेट बोटीत चढते, त्यामुळे आत बसलेल्याला उतरावं लागत नाही. दापोलीच्या बाजूच्या मुलाला गुहागरच्या बाजूचं केंद्र त्यामुळे आवाक्यात येतं. साकव ओलांडून चालत जाण्यापेक्षा किंवा खाडीला वळसा घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दिव्यांगांना सहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून १६ वर्षांवरच्या आणि ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना बॅटरीवरची तीनचाकी मिळू शकते. अडचण अशी की वाडी वर असते, पाखाडी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची, आणि तीनचाकी घरापर्यंत येत नाही. मग ती रस्त्याकडेला कुणाच्या तरी पडवीत ठेवावी लागते आणि चार्जिंगचा प्रश्न येतो. ग्रामपंचायतीने रस्त्यालगत कुलूप लावता येईल अशी एक छोटी शेड आणि विजेचा पॉइंट दिला तर ती गाडी वापरात राहील. बाजूला चाकं जोडलेली स्कूटर ज्यांना चालवता येते त्यांच्यासाठी ती सगळ्यात स्वतंत्र वाट आहे. तिची आरटीओत तशी नोंद आणि चालवणाऱ्याचा परवाना मात्र हवा. ऐकू येत नाही म्हणून परवाना मिळतच नाही, हा समज जुना झाला. श्रवणदिव्यांगांनाही तो मिळू शकतो.

प्रवास शिकवावा लागतो

वाहन आणि पैसा मिळाला तरी काही मुलांना एकट्याने जाणं जमत नाही, आणि ते जमणारच नाही असं आपण फार लवकर ठरवून टाकतो. बौद्धिक दिव्यांग किंवा स्वमग्न तरुणांपैकी अनेकांना एक ठरलेली वाट टप्प्याटप्प्याने शिकवता येते. विशेष शिक्षक याला प्रवासाचं प्रशिक्षण म्हणतात. कोर्स सुरू व्हायच्या आधी महिनाभर ते सुरू करावं.

पहिले काही दिवस आई किंवा भाऊ शेजारी बसतो आणि प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलून दाखवतो: पाटी वाच, हात कर, कार्ड वाहकाला दाखव, हे देऊळ आलं की उठायची तयारी. मग सोबतीचा माणूस मागच्या सीटवर बसतो आणि फक्त बघतो. पुढच्या टप्प्यात घरचा माणूस तिठ्यावर गाडीत बसवून देतो आणि दुसरा उतरायच्या ठिकाणी उभा असतो. शेवटी फक्त फोन येतो, 'पोचलो.' प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतील हे मुलागणिक बदलतं, आणि एखाद्या टप्प्यावरच थांबलं तरी तेवढा भार कमी झालेला असतो.

आपल्याकडची एक खास अडचण इथे लक्षात घ्यावी. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात कित्येक जुन्या खुणा गेल्या. वडाचं झाड, चहाची टपरी, जुना थांबा या खुणांवर वाट पाठ केलेल्या मुलाला उड्डाणपुलावरून जाणारी गाडी आणि पुढे सरकलेला थांबा गोंधळात टाकतो. शिकवताना एकाच खुणेवर विसंबू नका, दोन-तीन खुणा द्या. 'गाडी चुकली तर काय', 'गाडी दुसरीकडे गेली तर काय' याचीही तालीम करा. खिशात नाव, घरचा नंबर आणि उतरायचं ठिकाण लिहिलेलं जाड कागदाचं कार्ड असावं.

अंध तरुणांना गाडीची पाटी दिसत नाही आणि लहान स्टँडवर घोषणा नेहमी होतेच असं नाही. श्रवणदिव्यांगांचं उलट: 'गुहागर गाडी आज तीन नंबरला लागेल' ही घोषणा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून द्यावी. अपस्माराचे झटके येणाऱ्या मुलाबाबत वाहकाला आणि केंद्रावरच्या शिक्षकांना काय करायचं ते आधी सांगितलेलं असावं. तोंडात पाणी ओतायचं नाही, कुशीवर वळवायचं.

मग करायचं काय?

पहिला पर्याय निवासी कोर्सचा. जिल्ह्यातल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आर-सेटी, राहण्या-जेवणासह मोफत प्रशिक्षण देतात. रोजचा प्रवास वाचतो. पण जायच्या आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा: संडास भारतीय पद्धतीचा आहे की कमोड आहे, खोली कुठल्या मजल्यावर आहे, रात्री मदतीला कोण असतं. ज्यांना रोजच्या कामात घरच्यांचा हात लागतो त्यांना हा पर्याय झेपत नाही, आणि म्हणून रोज येण्या-जाण्याची सोय नाकारून 'निवासीला जा' असं सांगणं बरोबर नाही.

दुसरा पर्याय सामायिक वाहनाचा. एकाच पट्ट्यातली तीन-चार मुलं एका केंद्रात जात असतील तर महिन्याची रिक्षा किंवा व्हॅन ठरवणं स्वस्त पडतं. वरच्या उदाहरणात रिक्षाचे रोजचे २०० रुपये एकट्या मुलीवर पडत होते. चौघांत ते ५० झाले. वडापवाले अशी महिन्याची बांधलेली खेप आनंदाने घेतात, कारण त्यांनाही ठरलेलं भाडं मिळतं. सोबतीलाही मग चार आयांऐवजी आलटूनपालटून एक पुरते.

ही व्हॅन कोणाच्या पैशाने? ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपरिषदा यांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. बऱ्याच ठिकाणी ती वर्षाअखेरीस सगळ्यांना सारखी वाटून टाकतात. प्रत्येकाच्या वाट्याला थोडेसे पैसे येतात आणि ते किराण्यात जातात. गरज सगळ्यांनाच आहे, त्यामुळे ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण पाच-सहा ग्रामपंचायतींनी ठरवून त्यातला काही भाग प्रशिक्षणाला जाणाऱ्या मुलांच्या वाहनासाठी बाजूला काढला, आणि पंचायत समितीने त्यात भर घातली, तर एका पट्ट्याची व्हॅन कोर्सपुरती उभी राहू शकते. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाशी बोलून हे कोणत्या शीर्षकाखाली बसतं ते विचारून घ्यावं.

एसटीच्या वेळेचा किंवा थांब्याचा प्रश्न असेल तर अर्ज आगार व्यवस्थापकांकडे द्यायचा आणि प्रत विभाग नियंत्रकांना. अर्जात 'गाडी वेळेवर सोडावी' असं मोघम लिहू नका. कोणती फेरी, किती मिनिटं पुढे-मागे हवी, त्या गाडीने किती प्रशिक्षणार्थी जातात, कुठे विनंती थांबा हवा, हे लिहा. शाळेच्या वेळेला जोडलेल्या काही फेऱ्या मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत बंद होतात, आणि कोर्सला मात्र तेव्हा सुट्टी नसते. गणपतीत गाड्या चाकरमान्यांसाठी वळवल्या जातात. या दिवसांत काय करायचं ते आगाराकडून आणि केंद्राकडून आधीच ठरवून घ्या. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा पाणी भरलं तर त्या दिवसाची गैरहजेरी धरू नये, हेही लेखी मागा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचं स्टँडच पाण्याखाली होतं. अशा दिवशी दिव्यांग मुलाने घरीच राहावं, यात वाद होऊ नये.

केंद्राने किंवा कार्यालयाने ऐकलं नाही तर? कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत दिव्यांगांच्या तक्रारींसाठी अधिकारी नेमलेला असायला हवा आणि तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी. त्याने समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि राज्य पातळीवर पुण्यातले दिव्यांग कल्याण आयुक्त. ३ डिसेंबर २०२२ पासून महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. तक्रार नेहमी लेखी करा, पोच घ्या, आणि सोबत एका दिवसाच्या खर्चाचा तक्ता जोडा. 'फार खर्च येतो' यापेक्षा '३२० रुपयांपैकी २०० रिक्षाला जातात' हे वाक्य अधिकाऱ्याला जास्त कळतं.

ग्रामपंचायतीकडे मागणी न्यायची तर ग्रामसभेतून न्यावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सभांपैकी जानेवारीची सभा महत्त्वाची, कारण पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक त्याच्या आसपास तयार होतं. तिथे ठराव मांडताना गावातल्या आणि शेजारच्या गावांतल्या अठरा ते तीस वयाच्या दिव्यांग मुलामुलींची यादी हातात असू द्या: कोण कुठल्या वाडीत राहतं, कोणाला काय शिकायचं आहे, आणि घरापासून गाडीपर्यंत त्याला काय लागतं.